पाटीचा झोका

३ फेब्रुवारी

कोडवाली म्हणाली, "काय काय बदलतोस ते रोज लिहून ठेव, नाहीतर उद्या तूच मला विचारत बसशील." म्हणून ही वही आणली. पण नुसते आकडे लिहायचे म्हटलं की माझा हात आखडतो, तेव्हा बाकीचंही लिहीन. कोण वाचणार आहे!

कोडवाली म्हणजे आमच्या गेमचा प्रोग्रॅम लिहिणारी बाई. तोंडावर मी तिला मॅडम म्हणतो. चष्मा कायम डोक्यावर आणि डोळे बारीक करून स्क्रीनकडे बघणार. मला इथे घेतलं ते दिवसभर गेम खेळून त्यातल्या चुका शोधायला. आठवीनंतर शाळेने मला सोडलं की मी शाळेला, यावर घरात अजून एकमत झालेलं नाही, पण चुका काढायला शाळा लागत नाही.

गेम असा: बाजाराची एक गल्ली आणि आपण मांजर. मांजराने दुकानादुकानांतून उड्या मारत जायचं. मागच्या आठवड्यात मी बोलून गेलो, की मांजराचा धक्का लागला की दुकानाची पाटी हलते खरी, पण मेल्यासारखी हलते. वाटलं, आता बाई भडकणार. तिने शेजारची खुर्ची ओढली आणि म्हणाली, "बस. तूच हलव."

तर झालंय असं, की प्रत्येक वस्तूला आतून एक न दिसणारी स्प्रिंग बांधलेली आहे. तिला तीन स्लायडर. कडकपणा वाढवला की वस्तू झटकन जागेवर येते. वजन वाढवलं की आळसावते. तिसरा डॅम्पिंगचा, त्याला मी लगाम म्हणतो. लगाम ढिला सोडला तर पाटी वेड्यासारखी डुलत राहते, आवळला तर मधात पडल्यासारखी हळूच येऊन बसते. बटणं, कप्पे, मांजराची शेपटी, सगळ्याला हेच तीन.

आज: कडकपणा १७०, लगाम ४. पाटी पत्र्याची वाटते. आमच्या दारावरची लाकडी आहे, ती अशी हलत नाही.

६ फेब्रुवारी

घरी फोन केला. बाबा पाट्या रंगवतात हे आठवायला मला तीन दिवस लागले, धन्य माझी.

"बाबा, आपल्या दारावरच्या पाटीचा व्हिडिओ पाठवा ना."

"का रे? रंग उडालाय का बघायचाय?"

"नाही. तिला एक धक्का द्यायचा आणि थांबेपर्यंत काढायचा."

बाबा म्हणाले, "चुळबुळ्या, पाट्या हलू नयेत म्हणून मी जन्मभर खिळे ठोकले. आणि तुला त्या हलवायचा पगार देतात?"

मागून आई हसलेली ऐकू आली. किती दिवसांनी.

संध्याकाळी व्हिडिओ आला. 'पाट्या रंगवून मिळतील', दोन साखळ्यांवर टांगलेली, तांबड्यावर पिवळी अक्षरं. बाबांची ओळ बघावी. पट्टी नाही, दोरा नाही, शिडीवर उभं राहून एका श्वासात ओढतात. पण व्हिडिओ इतका थरथरतोय की डोकं दुखलं. तो मोबाईल ताईने टाकून दिलेला, त्याच्याकडून आणखी काय होणार.

८ फेब्रुवारी

थरथर कशी काढायची ते शिकलो. मॅडमनी भिंतीवरचा एक खिळा दाखवला. "हा तर भिंतीत आहे, हलणार नाही. मग व्हिडिओत खिळा जेवढा हलतोय तेवढी कॅमेऱ्याची थरथर. तेवढी सगळीकडून वजा कर. उरेल ती तुझी पाटी."

दुपारभर खिळ्याच्या मागे लागलो. वजा केल्यावर पाटी काय सुरेख आली! आधी मोठा झोका, मग लहान, मग जरा तिरकी होऊन, एक साखळी दुसरीपेक्षा उशिरा सैल पडते ना, तसं. वजा केलेली थरथर दुसऱ्या रेषेत वेगळी उरली. बारीक, एकसारखी, शिलाई मशीनच्या टाक्यांसारखी.

मॅडम ती रेषा बघत राहिल्या. "ही फारच एकसारखी आहे रे. बाबा बरे आहेत ना तुझे?"

"मॅडम, बाबांचा हात म्हणजे दगड आहे. मोबाईल भंगार आहे."

ती रेषा काढून टाकली. आपल्याला पाटी हवी होती.

१५ फेब्रुवारी

आज शिव्या खाल्ल्या. माझ्या पाट्या थांबताना शेवटी टचकन झटका देतात. मी दहादा बघूनही मला दिसला नव्हता, मालकांना पहिल्याच फेरीत दिसला. "पाटीला ठेच लागते काय?" म्हणाले.

मॅडमनी समजावलं. गणितात स्प्रिंग कधीच पुरती थांबत नाही. झोका लहान, आणखी लहान, त्याहून लहान होत जातो, पण शून्य होत नाही. मग बिचारं मशीन सगळ्या गल्लीतल्या पाट्या जन्मभर मोजत बसेल. म्हणून आपणच एक मर्यादा घालायची. तिच्या खाली गेलं की पाटीला झोपवायचं. मी घाई केली, हलतेय हे दिसत असतानाच तिला झोपवली.

"मग कधी झोपवायची?"

"डोळ्यांना दिसेनासं झालं की."

"पण तेव्हाही हलतच असते ना?"

"असते. पण दिसत नाही म्हणजे आपल्यापुरतं थांबलं."

मर्यादा आता ०.०१. झटका गेला.

२३ फेब्रुवारी

बाबांना नाद लागलाय. मी मागितलं नाही तरी पाठवतात. खिडकीचा पडदा वाऱ्याने आत येऊन परत जातो तो. दिव्याची दोरी ओढून सोडलेली. खुंटीवरचा हँगर. खिडकीबाहेरच्या तारेवरून पक्षी उडाल्यावर तार कशी खालीवर होते, हा तर मी मांजर भिंतीवरून उडी मारतं तिथे जसाच्या तसा वापरला. मॅडम म्हणाल्या, "तुझे बाबा आपल्या टीमवर आहेत की काय?" हे बाबांना सांगितलं तर मला दोनदा पुन्हा म्हणायला लावलं, इतके खूश.

फक्त एक. सगळं खालून काढलेलं. पडदा खालून, दोरी खालून, छत अर्ध्या स्क्रीनभर. मी म्हटलं, "बाबा, लोळत पडून काढता काय? जरा उठा की."

"म्हाताऱ्याला कॅमेरामन केलंस, आता उठबशाही काढायला लाव," म्हणाले.

पाटीचा आणखी एक हवा होता, बाजूने. तर म्हणे पाटी खाली उतरवलीय, नव्याने रंगवायचीय.

५ मार्च

हात बसलाय माझा, मॅडमच म्हणाल्या. आता कप्पे, झाकणं, दारं, सगळं माझ्याकडे. दुकानाचं दार लावायला मजा आली. मांजर ढकलून आत जातं, दार मागे दोनदा फडफडतं, मग गप्प.

पगार झाला, बाबांसाठी नवा मोबाईल घेऊन पाठवला. दुकानदार म्हणाला, याच्यात हात हलला तरी चित्र हलत नाही. म्हटलं, हाच द्या.

१३ मार्च

नव्या मोबाईलवरचा पहिला व्हिडिओ. पडदा. काय सांगू, काचेवर ठेवून काढल्यासारखा! एक टाका हलत नाही. लगेच फोन लावला. ताईने उचलला.

"ताई? तू कधी आलीस?"

"झाले थोडे दिवस. सहज आले."

"आणि पोरांची शाळा?"

"सासूबाई आहेत ना. तू बोल."

"अगं व्हिडिओ बघ! मी म्हणत नव्हतो, सगळा दोष मोबाईलचा? बघ आता बाबांचा हात!"

ताई म्हणाली, "हो रे. छान आहे मोबाईल." आणि लगेच फोन आईकडे दिला. बहुतेक भावजींशी वाजलंय, म्हणून आलीय माहेरी. विचारलं नाही. सांगेल तेव्हा सांगेल.

२४ मार्च

आईने आज तीनदा विचारलं, कधी येतोस. एरवी एकदा विचारते आणि जेवलास का वर येते. म्हटलं, वीस एप्रिलला गेम बाहेर पडतो, दुसऱ्या दिवशी गाडीत बसतो. ती म्हणाली, "त्याच्या आधी नाही का जमणार? दोन दिवस?"

मागून बाबांचा आवाज आला. आधी कळलंच नाही काय म्हणाले, जिभेवर काही ठेवल्यासारखं. मग आईनेच सांगितलं, "म्हणतायत, अर्धी पाटी टाकून शिडीवरून उतरायचं नसतं."

हे बाबांचं ठरलेलं आहे. लहानपणी मी अर्धं गणित सोडून पळालो की हेच.

३ एप्रिल

आज बॅग भरली होती.

मालकांनी सगळ्यांसमोर विचारलं, "पाट्या हलवायला किती आठवडे लागतात?" माझं डोकं सणकलं. गॅरेज सोडलं ते असंच, हार्डवेअरचं दुकान सोडलं ते असंच, केबलवाल्याचं तर शिडी भिंतीला तशीच टेकलेली ठेवून सोडलं. तीन महिने झाले की माझ्या पायांना खाज सुटते. दुपारीच खोलीवर गेलो, कपडे कोंबले, गाडीची वेळही बघितली. म्हटलं घरी जातो, बाबांच्या हाताखाली ब्रश धुतो, नाहीतरी काय.

निघण्याआधी फोन केला. ताई म्हणाली, बाबा झोपलेत. म्हटलं उठव. खूप वेळाने बाबा आले. आवाज जड, एकेक शब्द उचलून ठेवल्यासारखा.

"बाबा, मी सोडतोय. येतोय घरी."

त्यांचा श्वास ऐकू येत होता. मागे आई काहीतरी बोलली आणि त्यांनी तिला गप्प केलं, "श्श" म्हणून.

"पाट्या... झाल्या?"

"थोड्या राहिल्यात."

"मग?"

"मालक बोलला मला."

"मला... किती बोलले. खाली उभं राहून. मी... शिडीवर." मग थांबून, "टिक रे. एकदा टिक."

बॅग उघडली. शर्ट सगळे चुरगळलेत.

त्यांचा आवाज फारच झोपाळलेला होता. दुपारी इतकं झोपू नये माणसाने.

१० एप्रिल

पुन्हा पडदा. पण हा व्हिडिओ संपतच नाही. पडदा आत येतो, मागे जातो, थांबतो, आणि मग नुसता थांबलेला पडदा. मी दोनदा बघितलं, पुढे काही होतं का. काही नाही. बाबा बंद करायला विसरले. शेपूट कापलं, कामापुरतं ठेवलं.

आईला म्हटलं, त्यांना सांग, थांबलं की लगेच बंद करायचं. ती म्हणाली, "सांगते."

१५ एप्रिल

ताईचा फोन. मी मांजराच्या ताटलीवर काम करत होतो. उचलला तर म्हणाली, "आता निघ. बाबांनी नको म्हटलं होतं, पण मी सांगतेय. निघ."

डोक्यात गाठ आहे. थंडीतच कळलं होतं. आधी हात, मग पाय, मग जीभ.

काय काय विचारलं मी तिला, आठवत नाही. मोबाईल हातात तसाच आणि समोर स्क्रीनवर ताटली डुलत होती, तिला झोपवायची मर्यादा घालायची राहिली होती. माझी बॅग मॅडमनीच खांद्याला अडकवली आणि रस्त्यापर्यंत आल्या. "मी तेव्हाच विचारायला हवं होतं पुन्हा," एवढंच म्हणाल्या.

१६ एप्रिल, गाडीत

लांबचा रस्ता आहे. अक्षर हलतंय.

फेब्रुवारीतला पहिला व्हिडिओ अजून माझ्या मोबाईलमध्ये आहे, जसा आला तसा. सकाळपासून तोच लावतोय. आता पाटी बघत नाही, खिळा बघतो. भिंतीतला खिळा, हलायला नको तो. हलतोय. बारीक, एकसारखा.

मार्चच्या व्हिडिओत खिळे शोधले. खुंटी शोधली, खिडकीची चौकट शोधली. काही हलत नाही. तो मोबाईल मी घेतला. माझ्या पगाराचा. दुकानदाराला दोनदा विचारून खात्री करून घेतला.

१७ एप्रिल

पोचलो.

नव्हते.

२२ एप्रिल

लोक येऊन गेले. ताई झोपलीय. मी बाबांच्या खाटेवर बसलो, मग पाठ टेकली.

उशीवर डोकं ठेवलं आणि सगळं एकदम दिसलं. उजवीकडे पडदा. त्याच्या वरच्या कोपऱ्यात खिडकीबाहेरची तार. डोक्यावर दिव्याची दोरी. पायाकडे खुंटी, तिच्यावर हँगर. छत अर्ध्या स्क्रीनभर, म्हणजे अर्ध्या डोळ्यांत. मान हलवायची गरज नाही. पहिल्या पाटीनंतर त्यांनी जे जे पाठवलं ते सगळं इथून दिसतं. इथून जे दिसत नाही, ते मला आलं नाही.

मी त्यांना म्हटलं होतं, लोळत पडून काढता काय.

आई पाण्याचा तांब्या घेऊन आली, पायाशी बसली.

"जुन्या मोबाईलवर मी त्यांचं मनगट धरायची," म्हणाली. "तरी हलायचंच. तुला कळेल म्हणून सारखं चित्र तपासायचे, पाठवू की नको. मग तुझा तो नवा आला. पहिलं चित्र बघितलं आणि हसले. म्हणाले, आता चुळबुळ्या मला पकडत नाही."

"आई, तू तरी सांगायचंस."

"सांगणार होते. तू बॅग भरून फोन केलास ना, त्या दिवशी फोन ओढूनच घेणार होते. पण ते ऐकेनात. म्हणाले, एकदाचा कुठे टिकलाय, त्याला हलवू नका." मग तिने चादरीची सुरकुती सरळ केली, तीच तीच, कितीदा. "आणि रोज सकाळी विचारायचे, आज काय हलवू. तेवढ्यासाठी जागे व्हायचे. औषधासाठी नाही उठले कधी."

"तो शेवटचा पडदा. तो इतका लांब का होता?"

"बोट उचलेना रे त्यांचं. बंद करायला. मी करते म्हटलं तर मानेने नको म्हणाले. बघत होते. मग मीही बघत बसले."

मी तो कापला होता. कामापुरता ठेवला होता. मूळचा आहे का म्हणून मोबाईल उघडला, आहे. पण लावला नाही. आई समोर होती.

२६ एप्रिल

मॅडमचा निरोप आला. गेम सहा दिवस उशिरा, आज बाहेर पडला. ताटली त्यांनी पूर्ण केली. लिहिलंय, "पाट्यांना कुणी हात लावलेला नाही. तुझ्याच आहेत. ये, तुला वाटेल तेव्हा." मालकांनीही काही लिहिलंय, ते नंतर वाचीन.

ताई म्हणाली, "जाशील ना परत?" आई माझ्याकडे न बघता भांडी आवरत होती. मी हो म्हटलं. पाय आज खाजत नाहीत, कुठेच जायला.

दुपारी दाराबाहेर आलो. इतक्या दिवसांत मान वर करून बघितलंच नव्हतं. पाटी जागेवरच आहे. उतरवलेली नव्हती, नव्याने रंगवलेली नव्हती. तांबडा जरा विटलाय. पिवळी ओळ तशीच, एका श्वासातली. साखळ्यांवर धूळ साचलीय, म्हणजे फेब्रुवारीपासून तिला कुणी धक्काही दिलेला नाही.

मी दिला. टाचा उंचावून, एक बोट लावून, जसा त्यांनी दिला असेल.

मोठा झोका. मग लहान. मग ती तिरकी झाली, एक साखळी उशिरा सैल पडली, मला पाठ आहे हे. मग आणखी लहान. इथे मी गेममध्ये तिला झोपवतो, नेमका इथे. मी उभा राहिलो. आई दारात येऊन उभी राहिली. अक्षरं आता सरळ वाचता येत होती. पाटी थांबली.

शिडी आणली, वर चढलो आणि तिच्या कडेवर तळहात ठेवला. अजून हलत होती.